तडीपार आणि आमीन

गावाकडचे नातेवाईक पहिल्यांदा आमच्याकडे यायला निघतात तेव्हा पत्ता विचारतात. आम्ही सांगतो, हार्बर लाइनवर रे रोडला उतरा आणि पूर्वेला दारूखान्याच्या बाजूने या. फोनवर क्षणभर कुणी बोलत नाही. मुसलमानाचं घर, त्यात नवरा-बायको दोघेही शिक्षक, आणि पत्ता दारूखान्याचा! मग आम्ही हसून समजावतो की ही दारू पिण्याची नव्हे, तोफेची. इंग्रजांच्या काळात या किनाऱ्यावर दारूगोळ्याची कोठारं होती, त्यावरून हे नाव पडलं. जवळच्या एका बंदराला आजही पावडर बंदर म्हणतात. आता इथे जुन्या जहाजांचं लोखंड, साखळ्या, नांगर आणि भंगार विकलं जातं. दिवसभर घणांचे आवाज येतात.

या एका शब्दाचा खरा अर्थ आम्ही वीस वर्षं लोकांना समजावत आलो. दुसऱ्या एका शब्दाने मात्र आम्हालाच तोंडघशी पाडलं. ती हकीकत वाचक बंधू-भगिनींना सांगावीशी वाटते, कारण ज्या घरात वाढत्या वयाची मुलं आहेत त्या घरात आज ना उद्या हा प्रसंग येणार आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचा थोरला अकरावीत आहे. इशाची नमाज झाल्यावर तो गॅलरीत कानात इअरफोन घालून बसला होता. जाता-जाता फोनच्या पडद्यावर नजर गेली, तिथे लिहिलं होतं ‘अस्तग़फ़िरुल्लाह’. आम्ही खूश झालो. मुलगा झोपण्याआधी जिक्र ऐकतोय, अल्हम्दुलिल्लाह! त्याला म्हटलं, एकटाच काय ऐकतोस, आम्हालाही ऐकव.

त्याचा चेहरा उतरला. तरी त्याने इअरफोन काढला. ते जिक्र नव्हतं, रॅप होतं. एक तरुण आवाज धावत्या लोकलसारखा बोलत सुटला होता. निम्मे शब्द कळले नाहीत. थोड्या वेळाने त्याच गायकाचं दुसरं गाणं आपोआप सुरू झालं आणि त्यातली शिवी मात्र अगदी स्वच्छ कळली. आत दादी तसबीह घेऊन बसल्या होत्या. आम्ही फोन हातात घेतला आणि त्या गायकाचं जे-जे होतं ते पुसून टाकलं. वर सुनावलं, “अल्लाहच्या नावाची थट्टा या घरात चालणार नाही.”

थोरला मोठ्याने बोलला नाही. एवढंच म्हणाला, “थट्टा नाहीये ती. तुम्ही अर्धंसुद्धा ऐकलं नाही.” मग दारापर्यंत जाऊन वळला. “अब्बा, ग़ालिबच्या शेरात शराब आली की तुम्ही वर्गात सांगता, हा मजाज आहे, शब्दावर जाऊ नका. अम्मी पण तेच सांगते. मग याच्या वेळी का नाही?” त्या रात्री तो न जेवता झोपला.

आम्ही दोघंही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूच्या तासाला नज़्मचा मफहूम लिहून घेतो, मराठीच्या तासाला कवितेचं रसग्रहण. दोन्हीकडे मुलांना पहिला नियम एकच देतो: कविता शेवटपर्यंत वाचल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही. बोलणारा कोण आहे, कुणाशी बोलतोय, कुठल्या वेळी बोलतोय, हे आधी विचारायचं. आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं. मुलाचं म्हणणं खरं होतं, आणि मुलाचं म्हणणं खरं असलं की आई-बापांना राग जास्त येतो. तीन-चार दिवस घरात ‘जेवलास का’ आणि ‘निघालास का’ यापलीकडे बोलणं नव्हतं.

शेवटी आम्ही त्याला जवळ बसवून म्हटलं, ती गाणी परत उतरव. आम्ही सगळी ऐकतो, क्रमाने. मत नंतर देऊ.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. संगीताबद्दल उलमांची मतं आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. त्या मसल्यात पडण्याचा आमचा अधिकार नाही आणि मुलांना अशी गाणी ऐकवा असंही आमचं म्हणणं नाही. पण जे मुलाच्या कानात आधीच शिरलेलं आहे ते काय आहे, हे समजून घेणं तर्बियतीचाच भाग आहे असं आम्हाला वाटतं.

गायकाचं नाव एमसी स्टॅन. खरं नाव अल्ताफ शेख, पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला. लहानपणी कव्वाली गायचा, मग रॅपकडे वळला. ‘अस्तग़फ़िरुल्लाह’ हे गाणं 2019 मधलं. 2020 मध्ये त्याचा ‘तडीपार’ नावाचा अल्बम आला आणि 2022 मध्ये ‘इन्सान’. 2023 च्या फेब्रुवारीत तो टीव्हीवरच्या ‘बिग बॉस’मध्ये जिंकला आणि आपल्या गल्लीगल्लीतल्या पोरांच्या तोंडी त्याचं नाव झालं. आमच्या मुलाने तेव्हाच कधीतरी मागची गाणी शोधून काढली होती.

तो एकटाही नाही. आमच्याच हार्बर लाइनवर, कुर्ल्यात, नावेद शेख नावाचा मुलगा नेझी या नावाने रॅप करू लागला. 2014 मधल्या ‘आफत’ने त्याचं नाव झालं, पुढे तो दीनच्या विचाराने काही काळ गाण्यापासून दूर राहिला, मग परतला, आणि त्याच्या अल्बमचं नाव होतं ‘मग़रिब’. अंधेरीच्या ख्रिस्ती घरातला डिव्हाइन 2020 मध्ये ‘पुण्य पाप’ नावाचा अल्बम काढतो आणि 2022 मध्ये ‘गुनहगार’. नुसती नावं वाचली तरी शिक्षकाने थांबावं अशी आहेत. जी पोरं मशिदीत किंवा चर्चमध्ये मागच्या रांगेत उभी राहतात असं आपण समजतो, त्यांना स्वतःच्या कामाला नाव देताना तौबा, गुन्हा, मग़रिब हेच शब्द का सुचतात?

दोन आठवडे रोज रात्री थोडं-थोडं ऐकलं. हातात वही. न कळलेला शब्द आला की थोरला सांगायचा. त्याला मजा येत होती, कारण घरात पहिल्यांदाच तो शिकवत होता आणि आम्ही लिहून घेत होतो. वस्तीची बोली, पोलिसांचे शब्द, पोरांच्या खुणा. आम्हाला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आठवला. 1972 मध्ये तो संग्रह आला तेव्हा त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली होती. एवढ्या मोठ्या नाटककाराने त्यातले आपल्याला न कळलेले शब्द नोंदवले, कवीला अर्थ विचारले, त्याच्याबरोबर तो इलाका फिरून पाहिला. गोलपिठा आमच्या घरापासून काही लांब नाही. पण तिथली भाषा आम्हीही बी.एड. झाल्यावर पुस्तकातूनच शिकलो, आणि आज त्याला साहित्य म्हणतो. कान झाकून घेतले असते तर तेही शिकलो नसतो.

आम्ही जे ऐकलं त्यात अंधार खूप आहे. दोस्ती आणि दगा आहे. पैसा नसणं आहे आणि आल्यावरची बढाई आहे. दुश्मनी, बदला, पोलीस, आईची काळजी आहे. आणि मधेच, जसं आपल्याकडे बोलता-बोलता येतं तसं, अल्लाहचं नाव येतं. आम्हाला सुरुवातीला हेच खटकत होतं, की शिवीच्या शेजारी अल्लाहचं नाव कसं? ‘तडीपार’ नावाच्या अल्बममध्ये ‘आमीन’ नावाचं गाणं कसं?

पुढे कुरआनची तिलावत करताना एक जुनी गोष्ट नव्याने समोर आली. कुरआनात उजेडासाठी ‘नूर’ हा शब्द नेहमी एकवचनात येतो. अंधारासाठी येणारा ‘ज़ुलुमात’ नेहमी अनेकवचनात. उजेड एक, अंधार अनेक. सूरह अंबियामध्ये (21) हजरत यूनुस (अ.) मदद मागतात ती या अंधारांच्या आतून, माशाच्या पोटातून, आणि तिथे ते आपली चूक कबूल करतात. सूरह यूसुफमध्ये (12) हजरत याकूब (अ.) मुलाच्या दुःखाने डोळे गमावतात आणि सांगतात की माझं दुःख, माझी तक्रार मी फक्त अल्लाहपाशी मांडतो. म्हणजे अंधाराबद्दल बोलणं हा गुन्हा नाही. तो कुणासमोर आणि कशासाठी मांडला जातोय, त्यावर सगळं आहे. अल्लाहसमोर मांडलेला अंधार दुआ होतो. लोकांसमोर मिरवलेला तोच अंधार बढाई होतो. आम्ही वहीत दोन रकाने केले आणि एकेक गाणं, कधी एकाच गाण्याचे दोन तुकडे, त्यात टाकत गेलो.

दोन्ही रकाने भरले. ‘अस्तग़फ़िरुल्लाह’मध्ये एक मुलगा मागे वळून आपलीच जिंदगी पाहतोय, ते पहिल्या रकान्यात गेलं. बदल्याच्या आणि पैशाच्या बढाया दुसऱ्यात. बायकांबद्दल काही ठिकाणी जे बोललं गेलंय ते मजाज नाही, वास्तव नाही, नुसती घाण आहे, असं आम्ही थोरल्याला स्पष्ट सांगितलं. ग़ालिबची शराब कुणाच्या बहिणीची बेइज्जती करत नाही. यावर तो वाद घालू लागला, मग त्याच्या धाकट्या बहिणीकडे पाहून गप्प झाला. दोन गाणी त्याने स्वतःच काढून टाकली. आम्ही सांगितलं नव्हतं.

सूरह शुअराच्या (26) शेवटी शायरांबद्दल कडक शब्द आहेत. भरकटलेले लोक त्यांच्यामागे जातात, ते प्रत्येक दरीत भटकतात, जे करत नाहीत ते बोलतात. आम्ही कित्येकदा हे मुलांना ऐकवलंय, आणि बहुतेक वेळा इथेच थांबलोय. पण त्याच्या लगेच पुढे अपवाद आहे: जे ईमान राखतात, नेक काम करतात, अल्लाहला खूप आठवतात, आणि ज्यांच्यावर जुलूम झाल्यावर जे स्वतःची बाजू मांडतात. शेवटचा भाग आम्ही वाचत होतो, पण थांबून विचार केला नव्हता. इक्बालच्या ‘शिकवा’चंही असंच झालं होतं. अल्लाहकडे थेट तक्रार करणारी ती नज़्म ऐकून लोक बिथरले, नाराज झाले. ‘जवाब-ए-शिकवा’ 1913 मध्ये आलं. आज आपण दोन्ही एकत्र शिकवतो म्हणून ते सोपं वाटतं. ज्यांनी फक्त पहिली नज़्म ऐकून तोंड फिरवलं त्यांच्यासाठी इक्बाल अर्धाच राहिला.

इथवर सगळं अभ्यासासारखं चाललं होतं आणि आम्ही स्वतःवर जरा खूशही होतो. मग एका रात्री ‘तडीपार’ शब्दावर आलो.

आम्ही शिक्षकी थाटात सांगू लागलो. तड म्हणजे काठ, किनारा. तडीपार म्हणजे काठापलीकडे घालवलेला. सरकारी मराठीत हद्दपार. 1951 च्या पोलीस अधिनियमात त्याची तरतूद आहे, कलम 55 ते 57. एखाद्या माणसाला जिल्ह्याबाहेर, गरज वाटली तर शेजारच्या जिल्ह्यांबाहेरही, जास्तीत जास्त दोन वर्षं ठेवता येतं. ही गाणारी पोरं मात्र हा शब्द पदकासारखा छातीवर लावतात, हे आम्हाला पसंत नाही.

थोरला वहीकडे बघत होता. म्हणाला, “अब्बा, त्याचा भाई तडीपार आहे.”

‘तो’ म्हणजे त्याचा पाचवीपासूनचा दोस्त. पलीकडच्या गल्लीत राहतो. वडील लोखंडाच्या दुकानात हमाली करायचे, पाठीच्या दुखण्याने घरी बसले. मोठा भाऊ वाईट सोबतीला लागला, दोन-तीन भांडणांत नाव आलं. त्या वेळी आम्हीच थोरल्याला बजावलं होतं की त्या घरी जायचं नाही. शिकलेल्या घरातल्या मुलाने अशा संगतीत राहू नये, एवढाच विचार होता. दोस्त आमच्या दारात यायचा बंद झाला. त्याची अम्मी बाजारात दिसली की आम्ही सलाम करून पुढे निघायचो. भावाला हद्दपारीचा हुकूम झाला, तो मालेगावला नात्यातल्या घरी गेला, ईदला येऊ शकला नाही, हे सगळं आमच्या खिडकीपासून दोनशे पावलांवर घडलं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

“आम्ही दोघं गच्चीवर बसून ‘आमीन’ ऐकायचो,” थोरला म्हणाला. “त्याला रडायला यायचं. घरी रडता येत नाही, खाला आणखी रडतात म्हणून.”

आम्ही वही मिटली. दोन आठवडे आम्ही विचारत होतो की हा गायक हा अंधार कुणाला सांगतोय. आमचा मुलगा तो कशासाठी ऐकतोय, हे विचारायचं राहून गेलं होतं. त्याच्यासाठी ‘तडीपार’ हे छातीवरचं पदक नव्हतं, दोस्ताच्या घरातली रिकामी जागा होती.

दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. दोस्ताच्या अम्मी दारातच गोंधळल्या. “सर, मॅडम, पोराने काही केलं का?” पहिला प्रश्न हाच. आमच्यासारखी माणसं त्यांच्या दारात तक्रार घेऊनच येत असणार. आम्ही म्हटलं, नाही, नुसते भेटायला आलो. त्यांनी खुर्च्या पुसल्या, चहा ठेवला.

बोलता-बोलता त्यांनी कपाटातून एक कागद काढला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. हद्दपारीचा आदेश, कित्येक पानांचा, सरकारी मराठीतला. त्या उर्दू वाचतात, मराठी कामापुरती बोलतात. मुलगा उर्दू शाळेत शिकलेला. “कुणी म्हणालं दोन वर्षं, कुणी म्हणालं कायमचं. काय लिहिलंय ते नीट कुणी सांगितलंच नाही,” त्या म्हणाल्या.

आम्ही वाचायला घेतलं. एकेक वाक्य मराठीत वाचायचं आणि उर्दूत सांगायचं. कालावधी दोन वर्षांचा नव्हता, एकाच वर्षाचा होता. त्या ओळीवर त्यांनी आम्हाला पुन्हा एकदा वाचायला सांगितलं, मग तिसऱ्यांदा. शेवटच्या पानावर अपिलाची ओळ होती. या आदेशावर राज्य सरकारकडे अपील करता येतं आणि त्याची मुदत 30 दिवसांची असते. आदेशाच्या तारखेपासून चार महिने उलटून गेले होते.

ही ओळ उर्दूत सांगताना आम्ही दोघंही अडखळलो. दोनशे पावलांवर मराठीचे दोन शिक्षक राहत होते. कुणाला काय अवघड कागद कळत नसेल तर आमच्याकडे आणायला काय हरकत होती? पण ज्या घराला आपण दार बंद केलं, ते घर आपल्या दारात कागद घेऊन कसं येणार? अपील केलं असतं तर मंजूर झालं असतं असं नाही. मुलाच्या हातून चुका झाल्याच होत्या, त्याच्या अम्मीही ते नाकारत नव्हत्या. पण त्याला आपली बाजू मांडण्याचे तीस दिवस होते, आणि ते कागद न वाचताच गेले.

चहा निवला होता. आम्ही माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांना पुरतं कळलं की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, “तुम्ही वाचून दाखवलंत हेच खूप झालं. आता दिवस मोजता येतील.”

त्यानंतर विधी सेवा प्राधिकरणात चौकशी केली. गरजूंना तिथे मोफत वकील मिळतो. मुदत गेल्यावर काय करता येईल ते तिथले वकील पाहत आहेत. निकाल काय लागेल ते अल्लाहलाच माहीत. तो दोस्त आता संध्याकाळी थोरल्याबरोबर आमच्याकडे अभ्यासाला बसतो. रविवारी सकाळी गल्लीतले दोघे-तिघे आपापले कागद घेऊन येतात: शाळेचा दाखला, रेशन, भाड्याची नोटीस. आम्ही वाचून सांगतो. मोठं काम नाही. येतं तेवढं करतो.

‘इन्सान’ या शब्दाच्या उगमाबद्दल जुन्या अरबी अभ्यासकांची दोन मतं आहेत. काही म्हणतात तो ‘उन्स’पासून आला, म्हणजे ओढ, माया. काही म्हणतात ‘निस्यान’पासून, म्हणजे विसरणं. आम्ही वर्गात दोन्ही सांगतो आणि मुलांना विचारतो, तुम्हाला कुठलं पटतं? पूर्वी आम्ही पहिल्याकडे झुकायचो. आता वाटतं, दोन्ही खरी असतील. शेजाऱ्याला विसरणारा तोच, आणि आठवण करून दिली की उठून जाणाराही तोच.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. मुलाच्या कानात काही काळं, कडू वाजत असेल तर फोन हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसून शेवटपर्यंत ऐका. जे वाईट आहे त्याला वाईट म्हणा, मुलं ते ऐकतात. पण त्याआधी विचारा की बाळा, यात तुला कोण आठवतं? उत्तर कदाचित गायकाबद्दल नसेल. ते तुमच्याच गल्लीतल्या कुणाबद्दल असेल.

प्रेषित (स.) फर्ज नमाज संपताच तीन वेळा इस्तिग़फ़ार करत, अशी हदीस आहे. आम्ही मुलांना ती कैक वर्षं शिकवतो. नमाजसारख्या नेक कामानंतरही माफी का, असं एका विद्यार्थ्याने एकदा विचारलं होतं आणि आम्ही पुस्तकातलं उत्तर दिलं होतं. आता वेगळं उत्तर देऊ. नेक माणूस आहोत असं वाटत असतानाच आपल्या हातून जे राहून जातं, त्याचा हिशेब आपल्याला दिसत नाही, म्हणून.

अल्लाह तआला आपल्या मुलांना अंधारातून उजेडाकडे आणो, घराबाहेर असलेल्यांना सुखरूप घरी आणो, आणि आमचं दार उघडं राहू देवो. आमीन.